सहा दहाची व्हॅन

सबनीस काकांनी भारतीय हवाई दलात तीस वर्षं विमानं चालवली, आणि त्या तीस वर्षांत एकही बॉम्ब टाकला नाही. त्यांनी टाकले ते तांदूळ, मीठ, रॉकेलचे डबे, लोकरी मोजे, टपालाच्या पिशव्या, आणि एकदा पॅराशूट बांधून अकरा जिवंत बकऱ्या. आमच्या शिकागोजवळच्या नेपरव्हिलच्या मराठी मंडळात दर गणपतीला कुणीतरी नवीन आलेला डोळे मोठे करून विचारायचाच, "काका, तुम्ही फायटर पायलट होता ना?" हा प्रश्न आला की काका हातातली वाटी खाली ठेवायचे.

"नाही. हमाल होतो," ते म्हणायचे. "मालवाहू विमानाचा पायलट म्हणजे हमालच. फरक एवढाच, की आमच्यातला हमाल आला नाही तर डोंगरावरची पलटण उपाशी राहते."

"आणि त्या बकऱ्यांचं काय झालं?"

"सुखरूप उतरल्या आणि चालू पडल्या. पलटण दोन दिवस त्यांच्यामागे."

लोक हसायचे. काका हसायचे नाहीत. मालवाहू वैमानिकाला कुणी कमी लेखलं की त्यांचं पित्त खवळायचं, आणि फायटरवाल्यांबद्दल ते खाजगीत जे बोलायचे ते इथे लिहिण्यासारखं नाही.

काकू गेल्यावर, दोन हजार एक साली, त्यांच्या मुलीनं शुभदानं त्यांना पुण्याहून इकडे आणलं. पुढच्या हिवाळ्यात आम्ही त्यांच्या शेजारी राहायला आलो. मी नागपूरची. बँकेतली सात वर्षांची नोकरी सोडून नवऱ्याच्या व्हिसावर आलेली, म्हणजे घरात बसायला परवानगी आणि काम करायला मनाई. प्रसाद सकाळी सहाच्या गाडीनं शिकागोला जायचा तो संध्याकाळी सातला उगवायचा. बाहेर गुडघाभर बर्फ, गाडी मला येत नव्हती, आणि चालत जाण्यासारखं जवळपास काहीच नव्हतं. सलग अकरा दिवस मी उंबऱ्याबाहेर पाऊल टाकलं नव्हतं. बाराव्या दिवशी बेल वाजली.

दारात सहा फुटी म्हातारा. पांढऱ्या टोकदार मिशा, डोक्याला कानटोपी, बूट लखलखीत.

"मी सबनीस, शेजारचा. शुभदाची गाडी आज घरी आहे, देसी दुकानात निघालोय. चार सीट रिकाम्या आहेत. येतेस?"

"मला काही आणायचं नाहीये, काका."

"आणायचंय का असं विचारलंच नाही. सीट रिकामी आहे, येतेस का असं विचारलं."

गेले मी. दुकानात मेथीची जुडी हातात घेतली आणि मला रडू फुटलं, भर दुकानात, हुंदके देऊन. काका दोन पावलं लांब गेले आणि तुरीच्या डाळीच्या पिशवीवरचा मजकूर मन लावून वाचत बसले. माझं आटोपल्यावर त्यांनी एकच प्रश्न विचारला, लिंबं घ्यायची का. त्या दिवसापासून मी त्यांची झाले, हे सांगायला मला मुळीच संकोच नाही.

रिकामी सीट ही त्यांची जुनी दुखरी जागा होती. डोंगरात माल टाकून किंवा उतरवून विमान मोकळं झालं की ते तसंच मोकळं परत आणायचं नाही, हा त्यांचा स्वतःचा कायदा होता. वाटेतल्या धावपट्टीवर उतरायचं, आजारी जवान घ्यायचा, रजेवर निघालेला घ्यायचा, कुणीच नसेल तर पत्रं घ्यायची. त्यामुळे अमेरिकेतले रस्ते बघून त्यांच्या कपाळावर कायमची आठी पडली होती. "पाच माणसांची गाडी आणि आत एक माणूस! आणि तोही फोनवर!" मग ते स्वतः दुधाची कॅन आणायला निघाले तरी आधी चार घरी फोन करायचे.

शुभदा या प्रकाराला कावली होती. "बाबा, इथे असं अचानक विचारत नाहीत हो. लोकांचे प्लॅन्स असतात. इट्स ऑकवर्ड!"

"प्लॅन असेल तर नाही म्हणतील."

"नाही म्हणायला त्यांना ऑकवर्ड होतं!"

"मग येतील," काका म्हणायचे आणि पुढचा नंबर फिरवायचे.

मला गाडी त्यांनीच शिकवली. मला ते नावानं कधी हाक मारत नसत, 'नागपूर' म्हणत. "नागपूर, आधी गाडीभोवती फेरी." प्रत्येक वेळी गाडीला पूर्ण प्रदक्षिणा, चारही टायरांना हात, दिवे, काचा, खाली काही गळतंय का. उणे पंधरा तापमानातसुद्धा. एकदा मी फेरी न मारता थेट आत जाऊन बसले, तर काका बाहेरच उभे. काच खाली करून मी म्हटलं, अहो काका, कालच तर बघितली होती. ते म्हणाले, "काल कालचा टायर बघितलास." मी उतरले, फेरी मारली, मागचा डावा टायर बसलेला होता. नंतर कितीतरी दिवस मला संशय होता की त्यांनीच हवा सोडली असावी. विचारलं तर मिशीत हसले, पण हो म्हणाले नाहीत की नाही म्हणाले नाहीत.

दोन हजार तीनमध्ये काकांना सार्वजनिक वाचनालयाच्या फळ्यावर एक कागद दिसला. माजी सैनिकांच्या एका स्थानिक संघटनेला व्हॅन चालवायला स्वयंसेवक हवे होते. म्हातारे, आजारी सैनिक पहाटे गोळा करायचे, दीड तासावरच्या सैनिकांच्या हॉस्पिटलात पोचवायचे, दुपारी परत आणायचे. काका तिथे गेले. टेबलामागे डोरीन नावाच्या साठीच्या बाई होत्या, स्वतः एका सैनिकाची विधवा. त्यांनी विचारलं, सैन्याच्या कुठल्या शाखेत होतात? काका म्हणाले, एअर फोर्स. आपल्या? नाही, इंडियन. डोरीनबाईंनी पेन खाली ठेवलं आणि म्हणाल्या, "हनी, बर्फात गाडी चालवता येते का?"

काकांनी आसामातल्या पावसाळ्याबद्दल पंधरा मिनिटं सांगितलं. बाईंनी फॉर्म दिला.

अकरा सप्टेंबरनंतरचे ते दिवस आपल्या रंगाच्या माणसासाठी सोपे नव्हते. पहिल्याच फेरीला एका म्हाताऱ्यानं व्हॅनच्या दारात थांबून काकांकडे कागदपत्रं मागितली. काकांनी खिशातून लायसन्स काढून दिलं. त्यानं उलटसुलट बघून परत केल्यावर काकांनी हात पुढे केला, "आता तुमची दाखवा." म्हाताऱ्यानं हॉस्पिटलचं कार्ड काढून दिलं. काकांनी ते यादीशी ताडून पाहिलं, नावावर खूण केली आणि म्हणाले, खिडकीची सीट, पट्टा लावा.

मीही मग त्या व्हॅनमध्ये जाऊ लागले. पगार नसलेलं काम करायला माझ्या व्हिसाची हरकत नव्हती. मी यादी सांभाळायची, काका चालवायचे. व्हॅन सहा दहाला सुटायची. सहा दहा म्हणजे सहा दहा. एकदा मीच धावत आले तेव्हा मागचे लाल दिवे वळणावर दिसत होते, आणि काकांनी आरशात मला नक्की पाहिलं होतं.

एडी त्या व्हॅनमधला सगळ्यात भांडखोर प्रवासी. व्हिएतनामला पायदळात सार्जंट होता. त्याला काकांचा रंग, मिशा, बोलण्याचा ढंग कशाचंच काही वाटत नव्हतं. त्याचा राग वेगळाच होता.

"एअर फोर्स?" पहिल्याच दिवशी तो म्हणाला. "तुम्ही लोकांनी आमचं रेशन नदीच्या पलीकडे टाकलं होतं. मॅप उलटा धरला होता का?"

व्हॅनमधले सगळे हसले. मला वाटलं, आता काका खवळणार. पण काकांनी नुसता आरसा सरळ केला आणि व्हॅन गिअरमध्ये टाकली.

दुपारी पार्किंगमध्ये वाट बघत बसलो होतो तेव्हा त्यांनी आपण होऊन सांगितलं. ईशान्येच्या डोंगरात एका चौकीवर माल टाकायचा होता. चौकी म्हणजे डोंगराचा माथा, त्यावर पांढऱ्या कापडाची खूण. आधी एक कोरडी फेरी मारायची, खूण नीट बघायची, वारा बघायचा, आणि मग दुसऱ्या फेरीला मागच्या माणसांना घंटा देऊन माल ढकलायला लावायचा, अशी पद्धत. त्या दिवशी ढग खाली येत होते, परतायची घाई होती. काकांनी कोरडी फेरी मारली नाही. ढगांच्या फटीतून पांढरं काहीतरी दिसलं आणि त्यांनी घंटा दिली. ते कापड नव्हतं, बर्फ होता. सगळा माल पलीकडच्या दरीत गेला. पुढे नऊ दिवस ढग हटले नाहीत. चौकीवरचे अठरा जवान नऊ दिवस रानातली मुळं उकडून जगले, आणि माल शोधायला दरीत उतरलेल्या एका लान्स नाईकच्या पायाची बोटं हिमदंशानं कापावी लागली.

"नकाशा सरळच धरला होता," काका म्हणाले. "पण एडीचं बरोबर आहे."

पुढे एडीची साखर वाढत गेली आणि दोन हजार पाचच्या उन्हाळ्यात त्याचा डावा पाय गुडघ्याखाली कापला. लोक त्याला 'थँक यू फॉर युअर सर्व्हिस' म्हणायला लागले की तो ओरडायचा, "हा युद्धात नाही गेला, डोनट खाऊन गेला!" तो चाकाच्या खुर्चीत आला आणि तिथेच आमचं घोडं अडलं. व्हॅनच्या नियमावलीत लिहिलेलं होतं की स्वयंसेवकांनी प्रवाशाला उचलायचं नाही, प्रवाशानं कुणाच्या मदतीशिवाय आत चढायचं. खुर्चीतला माणूस चढणार कसा? डोरीनबाईंनी डोळ्यांत पाणी आणून त्याचं नाव यादीतून काढलं. खुर्चीवाल्यांसाठी दुसरी गाडी होती, पण ती आमच्या भागात येत नव्हती.

एडीला कृत्रिम पाय बसवायचा होता. त्यासाठी हॉस्पिटलात एकाआड एक मंगळवारी जावं लागणार होतं, आणि साखरेमुळे जखम सावकाश भरणार म्हणून वर्ष-दोन वर्षं. पहिल्या दोन तारखा गाडीअभावी चुकल्या. तिसरी चुकली की नाव रांगेतून बाद, मग पुन्हा पहिल्यापासून अर्ज, आणि तोवर उरलेल्या पायाचं काय होईल हे डॉक्टरही सांगायला तयार नव्हते. तिसरी तारीख दीड महिन्यावर होती.

मी सरळ मार्ग सुचवला. आमच्याकडे आता गाडी होती, मला चालवताही येत होती. "काका, मी नेते ना त्याला माझ्या कारनं. एवढी झंझट कशाला?"

"आणि पुढच्या वेळी?"

"पुढच्या वेळीही नेईन."

"तू दुसऱ्या राज्यात, तिकडे कॅरीला गेलीस तर? प्रसादला तिकडे नोकरी लागली तर? मी मेलो तर?" काकांचा आवाज चढला. "ती व्हॅन त्याच्यासाठी आहे. त्याच्या हक्काची आहे. तो तुझ्या उपकारावर का जाईल?"

एडीनंही मला तेच सांगितलं, फक्त त्याचे शब्द जास्त रांगडे होते.

काकांनी नियमावलीचं ते पान मागून आणलं आणि आठवडाभर खिशात ठेवून वाचलं. मला वाटलं, ते नियम मोडायची वाट शोधताहेत. पण काका नियम मोडणारे नव्हतेच. मंगळवारी त्यांनी पान माझ्यापुढे धरलं. "मदतीशिवाय चढायचं असं लिहिलंय. पायांनी चढायचं असं कुठे लिहिलंय?"

मग शुभदाच्या गॅरेजमध्ये सुतारकाम सुरू झालं. काकांनी टेप लावून व्हॅनच्या फरशीची उंची मोजली आणि बरोबर तेवढा लाकडी ओटा ठोकला. त्याच्यापुढे ठेवायला एक बुटका पेटारा. ओट्याच्या वर, व्हॅनच्या दारावरच्या मुठीच्या जागी, एक लोखंडी कडी, आणि तिला माल बांधायचा जाड पट्टा. त्या पट्ट्याला हातभर अंतरावर गाठी. शुभदाच्या दोन्ही गाड्या दीड महिना बाहेर बर्फात उभ्या राहिल्या.

रीत अशी होती. खुर्ची पाठमोरी आणून ब्रेक लावायचा, दोन्ही हातांवर भार देऊन पेटाऱ्यावर सरकायचं, मग पट्टा धरून एकेका गाठीनं स्वतःला वर ओढायचं आणि ओट्यावर बसायचं. डोंगरातल्या धावपट्टीवर क्रेन नसायची, तेव्हा जड खोकी अशीच टप्प्याटप्प्यानं विमानात चढवत. इथे खोक्यानं स्वतःच चढायचं होतं. काका शनिवार-रविवार शुभदाच्या ठेंगण्या कारमधून एडीला आणायचे आणि गॅरेजमध्ये त्यांची शाळा भरायची.

"अगेन, सार्जंट."

"यू आर अ सिक मॅन, यू नो दॅट?"

"येस. अगेन."

शुभदाला रात्री झोप लागेना. ती मला स्वयंपाकघरात ओढून म्हणाली, "तू तरी सांग ना बाबांना! उद्या तो इथे पडला, डोकं फुटलं, तर सू करतील आम्हाला. लायबिलिटी नावाची काही गोष्ट असते. आणि बाबा स्वतः चौऱ्याहत्तरचे आहेत, यार!" तिचं चूक नव्हतं. मी गॅरेजमध्ये गेले तर एडी खरंच पडलेला होता, जमिनीवर उताणा, आणि काका शेजारी स्टुलावर बसून चहा पीत होते. मी धावले. काकांनी पाय आडवा घातला. "त्याला त्याचं उठू दे." एडी जमिनीवरूनच म्हणाला की या म्हाताऱ्याला युद्धगुन्हेगार म्हणून पकडायला हवं. मग कोपरांवर रांगत पेटाऱ्यापर्यंत गेला.

एडीला घरी सोडून परतताना मी न राहवून काकांना म्हटलं, "त्या लान्स नाईकची बोटं आणि एडीचा पाय... म्हणून करताय का हे सगळं?"

काका इतके भडकले की मी घाबरले. "गोष्टी बनवू नकोस! त्याचे पाय त्याचे होते. याचा पाय याचा आहे. एकाचं दुसऱ्याच्या खात्यात फिटत नसतं." त्यानंतर चार दिवस ते माझ्याशी कामापुरतं बोलले. मी तो विषय पुन्हा काढला नाही.

एडीचं नाव परत यादीत घ्या, हा काकांचा अर्ज संघटनेच्या ऑफिसनं फेटाळला नाही, मंजूरही केला नाही. एक माणूस येऊन पाहील म्हणाले. काकांनी त्याला मुद्दाम तिसऱ्या तारखेच्या सकाळी बोलावलं, साडेपाचला, सहा दहाच्या व्हॅनआधी.

त्या पहाटे कडाक्याची थंडी होती. पार्किंगमधला बर्फ सारून बाजूला ढीग केलेले, मधे काळं डांबर. व्हॅनमध्ये चार म्हातारे आधीच बसलेले. डोरीनबाई हातात हात गुंतवून उभ्या. ऑफिसातून ग्रेग नावाचा तिशीतला माणूस आला होता, हातात क्लिपबोर्ड, वागायला अगदी सभ्य. मी माझी कार कडेला उभी करून इंजिन चालू ठेवलं होतं, हीटर लावलेला. एडीला चढता आलं नाही तर त्याला घालून सुसाट निघायचं, असं मी मनात ठरवलं होतं. तारीख तर चुकणार नाही.

काका माझ्याकडे आले. "बंद कर ते."

"काका, त्याच्या पायाचा प्रश्न आहे. तुमचा हट्ट मोठा की त्याचा पाय?"

"एडीला विचारलंय मी. त्यानंच सांगितलं, दुसरी गाडी दिसता कामा नये. दिसली तर हात ढिले पडतात. बंद कर."

मला त्यांचा त्या क्षणी इतका राग आला, की आजही आठवला तर कानशिलं तापतात. दुसऱ्याचा पाय पणाला लावून हे कसले बाणेदारपणाचे खेळ, असं वाटलं. तरी मी किल्ली फिरवली आणि इंजिन बंद केलं.

काकांनी पेटारा ठेवला, व्हॅनच्या मुठीला पट्टा अडकवला, दोनदा झटका देऊन पाहिला, आणि चार पावलं मागे जाऊन हात पाठीमागे बांधून उभे राहिले. एडीनं खुर्ची पाठमोरी लावली. पेटाऱ्यावर व्यवस्थित सरकला. पहिली गाठ. दुसरी गाठ. तिसऱ्या गाठीला पट्ट्यावरच्या दंवावरून त्याचा हातमोजा घसरला, आणि एडी पेटाऱ्यावरून कुशीवर डांबरावर आपटला. तो आवाज फार वाईट होता.

डोरीनबाई किंचाळल्या. ग्रेग धावला, मी धावले.

"कुणी हात लावायचा नाही!" काका मराठीत गरजले. एवढ्या मोठ्यानं की समोरच्या घरात दिवा लागला.

सगळे जागच्या जागी थिजले. खालून एडी म्हणाला, "व्हॉट ही सेड."

ग्रेग हळू आवाजात म्हणाला, सर, आय ॲम सॉरी, मला वाटतं आपण पाहिलं. काकांनी खिशातलं पान काढून त्याच्यापुढे धरलं. "किती प्रयत्नांत चढायचं हे कुठे लिहिलंय, ते मला दाखवा." ग्रेगनं पान वाचलं. पुन्हा वाचलं. लिहिलेलं नव्हतं. काकांनी मनगटावरचं घड्याळ पाहिलं. "ही व्हॅन सहा दहाला सुटते. आता पाच छप्पन्न झालेत. सार्जंट, चौदा मिनिटं आहेत."

व्हॅनमधले म्हातारे काकांना विंग कमांडरमधलं नुसतं 'विंग' म्हणत. त्यांतला एक खिडकीतून ओरडला, "माझ्या घड्याळात अजून साडेपाचच झालेत, विंग!"

"माझ्या घड्याळात नाही," काका म्हणाले.

मला कळून चुकलं की हा माणूस सहा दहाला खरंच निघून जाईल.

एडी आधी नुसता पडून राहिला, श्वास घेत. मग हातमोजे दातांनी काढून फेकले. उघड्या हातांनी, त्या थंडीत, कोपरांवर सरकत पेटाऱ्याकडे आला. पेटाऱ्यावर चढायलाच त्याला पाच मिनिटं लागली. सगळा वेळ तो काकांना शिव्या देत होता, काकांच्या मिशांना, इंडियन एअर फोर्सला, जगातल्या सगळ्या विमानांना. काका मधूनमधून फक्त वेळ सांगत होते. सात मिनिटं. पाच. पट्टा धरला. पहिली गाठ, दुसरी, तिसरी. तिसरीला तो थांबला आणि मी चक्क डोळे मिटून घेतले. उघडले तेव्हा तो व्हॅनच्या फरशीवर बसलेला होता, तोंड लाल, आणि पट्ट्याची पुढची गाठ ओढून सीटवर चढत होता.

ग्रेगनं कागदावर काहीतरी लिहिलं. मग खुर्चीकडे बोट दाखवून म्हणाला, आणि ही? काका म्हणाले, हँड बॅगेज. खुर्ची घडी घालून त्यांनी स्वतः मागे ठेवली. व्हॅनला फेरी मारली, चारही टायर पाहिले, स्टिअरिंगमागे जाऊन बसले. सहा दहाला आम्ही निघालो. अर्ध्या वाटेवर एडी म्हणाला, "फॉर वन्स, एअर फोर्स डिलिव्हर्ड." आरशात मला काकांचा चेहरा दिसत होता. त्यांच्या डोळ्यांना धारा लागल्या होत्या आणि ते त्या पुसत नव्हते, कारण दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवायचे असतात.

त्यानंतर एडीची एकही तारीख चुकली नाही. पुढे आणखी दोघं खुर्चीवाले त्याच पेटाऱ्यावरून चढू लागले, आणि ऑफिसनं गुपचूप सगळ्या व्हॅनना तसे पट्टे लावले. काकांचं नाव त्यात कुठे नव्हतं, आणि त्यांना त्याची काही पडलेलीही नव्हती.

दोन हजार सातच्या उन्हाळ्यात काकांच्या डोळ्यांनी दगा दिला. नजरेचा मधला भाग गेला, फक्त कडेचं दिसायचं. त्यांनी ते स्वतःच डॉक्टरकडे जाऊन पक्कं करून घेतलं आणि त्याच दुपारी किल्ल्या डोरीनबाईंच्या टेबलावर ठेवल्या. तोवर आमचं ग्रीन कार्ड आलेलं होतं, मला बँकेत मंगळवार सोडून दुपारची नोकरी लागली होती, आणि मंगळवारची व्हॅन मी चालवू लागले. काकांना आता व्हॅनमध्ये बसता येईना. चालक म्हणून किंवा यादी सांभाळायला नाही, कारण दिसत नव्हतं. प्रवासी म्हणून नाही, कारण ती फक्त अमेरिकेच्या माजी सैनिकांसाठी. तरी ते दर मंगळवारी पावणेसहाला पार्किंगमध्ये हजर. शुभदा सोडायला तयार नसे, म्हणून पाऊण मैल चालत. ऑफिसनं एक पत्र पाठवलं की पार्किंगच्या आवारात अनधिकृत व्यक्तींनी थांबू नये. काकांनी ते माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं. पुढच्या मंगळवारी ते आवाराच्या पांढऱ्या पट्ट्याच्या बरोबर पलीकडे, सार्वजनिक फूटपाथवर, बूट पट्ट्याला जुळवून उभे होते.

दोन हजार आठच्या मार्चमध्ये ते झोपेतच गेले. त्याआधीच्या मंगळवारी मी त्यांना शेवटचं पाहिलं.

त्या दिवशी एडी नवा पाय लावून पहिल्यांदा व्हॅनपर्यंत चालत आला. आतापर्यंत तो त्या पायावर हॉस्पिटलच्या दांड्यांमध्ये चालायचा आणि घरात फिरायचा, पण व्हॅनमध्ये अजून हातांनीच चढायचा. त्यानं मला पट्टा लावू दिला नाही. काठी माझ्या हातात दिली, मूठ धरली, आधी चांगला पाय वर ठेवला आणि मग तो दुसरा. सगळं फार सावकाश करत होता, गरजेपेक्षा जास्तच सावकाश, आणि वर पोचल्यावर आत न जाता तसाच दारात दोन्ही पायांवर उभा राहिला. मी फूटपाथकडे वळून पाहिलं. काकांनी आमच्याकडे पाठ फिरवल्यासारखी मान वळवली होती, तोंड पार रस्त्याच्या दुसऱ्या टोकाकडे. येणाऱ्या-जाणाऱ्याला वाटलं असतं, म्हातारा बसची वाट बघतोय. पण त्यांना फक्त डोळ्याच्या कडेनं दिसायचं, हे आम्हाला ठाऊक होतं. एडी दारात उभा होता तोवर त्यांनी ती मान जराही सरळ केली नाही.